पुराचा गाळ आणि फलत्याग

जे कर्म पुढील वर्षी पुन्हा करावेच लागणार, ते या वर्षी तरी का करावे? हा प्रश्न वरवर पाहता आळशी माणसाचा वाटतो. परंतु विचारणारा आळशी नसेल, तर त्याला उत्तर देणे सोपे नाही. रायपूरच्या गोल बाजारातील एका वयोवृद्ध व्यापाऱ्यांनी तो मला विचारला. त्यांच्या दुकानातील दोन तरुण पावसाळा सरला की सुटीच्या दिवशी महादेवघाटावर जातात आणि आणखी काही मंडळींबरोबर खारून नदीच्या काठाला अडकून राहिलेला पुराचा केरकचरा उपसून काढतात. शेठजींचा त्याला विरोध नव्हता. टोपल्या आणि फावडी त्यांनीच दिली होती. त्यांचे म्हणणे एवढेच, की "पंडितजी, नदी दरवर्षी भरते आणि दरवर्षी घाण आणते. पोरांनी हे किती वर्षे करावे? आणि गीता सांगते त्याप्रमाणे फळाकडे पाहायचेच नाही असे म्हटले, तर घाण निघाली काय आणि राहिली काय, दोन्ही सारखेच झाले नाही का?"

प्रश्नाचा पहिला भाग व्यवहाराचा आहे. दुसरा मात्र थेट गीतेच्या वर्मी लागणारा आहे. निष्काम कर्म म्हणजे परिणामाविषयी बेफिकिरी, असा समज चांगल्या वाचलेल्या माणसांतही रूढ आहे. तो खरा असेल तर नदी स्वच्छ करणारा आणि केवळ फावडे हलवणारा यांत भेदच उरत नाही. म्हणून या शंकेचा नीट विचार केला पाहिजे. पण त्याआधी त्या टोपल्यांत काय भरले जाते, तिकडे पाहू.

खारून काही मोठी नदी नव्हे. बालोदच्या मुलखात ती उगम पावते, रायपूरला स्पर्श करून पुढे सोमनाथजवळ शिवनाथला मिळते. शिवनाथ महानदीला मिळते आणि महानदी हिराकुडच्या जलाशयातून पुढे समुद्राकडे जाते. तेव्हा महादेवघाटावर जे काढले नाही ते नाहीसे होते असे नाही. ते दुसऱ्या कोणाच्या तरी घाटावर जाऊन लागते. रायपूर शहर पिते तेही याच नदीचे पाणी. काठावर हाटकेश्वर महादेवाचे प्राचीन देवालय आहे, कार्तिकी पौर्णिमेला तेथे पुन्नी मेळा भरतो, आणि त्या वेळी नदीत उतरणाऱ्या हजारो माणसांच्या मनात तिच्याविषयी पूज्यभाव असतो, यात शंका नाही.

पूर ओसरल्यावर काठाच्या झुडपांना जे लोंबकळत असते त्याचे दोन भाग सहज पडतात. एक भाग नदीचा स्वतःचा: पळसाच्या डहाळ्या, भाताचे काड, बेशरमीची मुळासकट उपटलेली झुडपे, जलकुंभीचे जाळे, कुठे एखादा ओंडका. दुसरा भाग आपला. त्यात प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या थाळ्या तर असतातच. परंतु लाल चुनऱ्या, नारळाच्या शेंड्या, उदबत्तीची चकचकीत वेष्टने, काच फुटलेल्या देवांच्या तसबिरी आणि प्लास्टरच्या मूर्तींचे अवयव यांचा वाटाही थोडा नसतो. गोल बाजार हे या शहराचे जुने पोट आहे. हळद-मसाल्यापासून लग्नाच्या सामानापर्यंत सर्व तेथे मिळते, आणि पूजेचे साहित्य तर हमखास. म्हणजे दुकानातील ज्या हातांनी चुनरी मोजून दिली, तेच हात पावसाळ्यानंतर ती चिखलातून ओढून काढतात. शेठजींना मी हे सांगितले, तेव्हा ते थोडे हसले आणि थोडे गंभीर झाले.

निर्माल्य हा शब्द या ठिकाणी मोठा बोलका आहे. संस्कृत कोशांत त्याचे दोन अर्थ दिलेले आढळतात: देवाला वाहून उतरलेली फुले-पत्री हा एक, आणि निर्मळपणा हा दुसरा. फूल कोमेजले तरी ते मळ होत नसे, कारण ते पाण्यात कुजून पाण्याचे आणि मातीत मिसळून मातीचे होत असे. पूर्वीच्या पिढ्यांनी निर्माल्य नदीत सोडले ते अडाणीपणाने नव्हे; त्यांच्या हातात असलेली वस्तूच तशी होती. आज रूढी तीच राहिली आहे आणि वस्तू बदलली आहे. पंचमहाभूतांत परत जाण्यास जी नकार देते अशी वस्तू जुन्या धर्मशास्त्रकारांच्या स्वप्नातही नव्हती. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञापासून पर्जन्य, पर्जन्यापासून अन्न, अन्नापासून भूते असे एक फिरते चक्र सांगितले आहे, आणि जो ते पुढे फिरवत नाही त्याचे जगणे व्यर्थ ठरवले आहे. प्लास्टिकची पिशवी त्या चक्रात अडकलेला खडा आहे, असे म्हटल्यास अर्थाची ओढाताण होणार नाही.

मराठी वाचकांना कृष्णाकाठ परिचित आहे, म्हणून तेथील उदाहरण घेतो. त्या काठाच्या सुपीक जमिनीला लोक मळीची जमीन म्हणतात. ही मळी म्हणजे पुराने आणून टाकलेला गाळच. तिच्यावर वांगी पिकली, तिच्यावर गावे पोसली. पूर हा तेथे शत्रू नव्हता. निदान केवळ शत्रू नव्हता. नरसोबाच्या वाडीला तर पुराचेच एक पर्व आहे. कृष्णेचे पाणी चढत चढत दत्तपादुकांवरून दक्षिण द्वाराने बाहेर पडू लागले, की दक्षिणद्वार सोहळा झाला असे म्हणतात आणि त्या प्रवाहात स्नान करण्यासाठी लोक दुरून येतात. पाणी आणखी चढले तर उत्सवमूर्ती वर हलवतात, आणि पूर उतरला की पुजारी, ग्रामस्थ आणि भक्त मिळून गाभाऱ्यातील व मंडपातील गाळ काढतात, फरशी धुतात आणि नित्यपूजा पुन्हा सुरू होते. हे किती पिढ्या चालले आहे? पुढच्या वर्षी पाणी पुन्हा येणार म्हणून या वर्षी गाभारा चिखलात राहू द्यावा, असा विचार वाडीत कोणाच्या मनातही येत नाही. देवाची पूजा जशी रोज नवी, तसा गाळही दर पावसाळ्यात नवा.

पण ऑगस्ट २०१९ चा पूर निराळा होता. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. पाणी ५७ फुटांवर गेले. कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांची धोक्याची रेषा ओलांडून पंचगंगा ५५ फुटांच्या वर पोहोचली. पाणी उतरले तेव्हा घरांत, शाळांत आणि घाटांवर जो थर राहिला होता त्यास मळी म्हणणे कठीण होते. त्यात मेलेली गुरे होती, भिजलेले धान्य होते, गाद्या होत्या, मुलांची पुस्तके होती, औषधांच्या बाटल्या होत्या. राज्याच्या निरनिराळ्या भागांतून माणसे गेली, नाकाला फडके बांधून त्यांनी तो चिखल उपसला. दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, तीच गावे पुन्हा पाण्याखाली गेली आणि पुन्हा फावडी बाहेर आली. शेठजींचा प्रश्न तेथे कोणी विचारला असता, तर त्याला व्यर्थ म्हणण्याचा अधिकार कोणाला होता?

आता मूळ शंकेकडे वळू. फळाकडे पाहू नये, तर घाण निघाली की राहिली हेही पाहू नये काय? गीतेनेच याचे उत्तर दिले आहे, आणि ते अठराव्या अध्यायात कर्माचे तीन भेद सांगताना आले आहे. तामस कर्म कोणते? अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष यांचा विचार न करता मोहाने आरंभलेले. भाषांतर करताना या चार शब्दांपाशी मी पुष्कळ वेळ थांबलो आहे. अनुबंध म्हणजे मागून बांधलेले जे येते ते, अर्थात परिणाम. क्षय म्हणजे त्यात होणारी हानी. हिंसा उघड आहे. पौरुष म्हणजे आपली शक्ती किती याचा अंदाज. म्हणजे ज्या ग्रंथाने फलाशा सोडण्यास सांगितले, त्याच ग्रंथाने परिणाम न पाहता केलेल्या कर्मास निष्काम म्हटले नाही, तामस म्हटले. शेठजींच्या मनातील घोटाळा येथेच सुटतो. जे सोडायचे ते कर्माचे प्रयोजन नव्हे. सोडायचा तो त्या फळावरचा माझा हक्क, माझी मालकी, 'मी केले म्हणून मला मिळावे' ही मागणी. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात कर्म सोडणे आणि फलाशा सोडणे या दोहोंतील अंतर एवढ्या आग्रहाने मांडले, ते याच घोटाळ्यामुळे. वैद्य रोग्याकडून कीर्तीची आशा न धरता औषध देतो, तेव्हा रोगी बरा झाला की नाही हे पाहण्याचे तो सोडत नाही. उलट, कीर्तीकडे लक्ष नसल्यामुळे त्याला रोग्याची नाडी अधिक स्वच्छ कळते.

ही चार पदे नदीकाठी घेऊन जाऊन पाहावीत. ज्याला पोहता येत नाही अशा मुलाला ओढ असलेल्या पाण्यात उतरवणे, हे पौरुषाचा विचार न केलेले कर्म होय. हातमोजे न घालता, पायात काही न घालता काचा आणि गंजलेल्या तारा उपसणे, हा क्षय. आणि हिंसा? ती उत्साहाच्या भरात सर्वांत सहज घडते. काठ 'साफ' करायचा म्हणून यंत्र आणून लव्हाळी, करंज, अर्जुनसादड्याची रोपे सगळी खरवडून काढतात. काठ दिसायला नीटनेटका होतो, पण माती धरून ठेवणारी मुळे गेल्यामुळे पुढच्या पुरात तोच काठ ढासळून पात्रात येतो. नदीचे जे आहे ते नदीला ठेवून आपले तेवढे परत आणणे, हा विवेक फावड्याबरोबर शिकवला पाहिजे. ओंडका वाहत्या पाण्यास अडथळा करीत असेल तर काढावा. एरवी त्याच्या आडोशाला मासे राहतात.

'किती वर्षे?' या प्रश्नाचे उत्तरही त्याच अध्यायात, सात्त्विक कर्त्याच्या लक्षणांत आहे. सिद्धी आणि असिद्धी यांत तो निर्विकार असतो, हे सर्वांच्या लक्षात राहते. परंतु त्याच्याच शेजारी तो धृती आणि उत्साह यांनी युक्त असतो असेही म्हटले आहे, हे बहुधा विसरले जाते. उत्साह शब्दात सह् हा धातू आहे. सहन करणे, पेलणे हा त्याचा अर्थ. उत्साह म्हणजे पहिल्या दिवशीची उसळी नव्हे. तिसऱ्या वर्षी त्याच झुडपाला तसलीच पिशवी अडकलेली दिसली असता जे मन खचत नाही, त्या मनाच्या पेलण्याला उत्साह म्हणावे. निर्विकार माणूस थंड असला पाहिजे, असे गीतेस अभिप्रेत असते तर या दोन शब्दांची तेथे गरज नव्हती.

मात्र अनुबंधाचा विचार येथेच थांबत नाही. परिणाम पाहणाऱ्याने कारणही पाहिले पाहिजे. चिपळूणचे उदाहरण या दृष्टीने मला महत्त्वाचे वाटते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव या नद्यांच्या पुराने ते शहर बुडाले. तेथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचे. २००५ च्या पुरात त्याची ग्रंथसंपदा भिजली होती आणि २०२१ मध्ये पुन्हा भिजली. ज्याने आयुष्य पोथ्यांत काढले आहे त्याला, चिखलाने चिकटलेली पाने सोडवणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. बाहेरून आलेल्या सफाई कामगारांनी आणि स्वयंसेवकांनी रस्ते व घरे मोकळी केली. पण चिपळूणकर तेवढ्यावर थांबले नाहीत. घरातला गाळ काढून झाला, आता नदीतला कोण काढणार, असे ते विचारू लागले. त्या वर्षीच्या डिसेंबरात चिपळूण बचाव समितीने साखळी उपोषण आरंभले, आणि पुढे जलसंपदा विभाग व नाम फाउंडेशन यांच्याकडून पात्रातील गाळ काढण्याचे काम झाले. सह्याद्रीच्या उतारावरची झाडे गेली म्हणजे माती खाली येते, माती आली म्हणजे पात्र उथळ होते, पात्र उथळ झाले म्हणजे पाणी बाजारपेठेत शिरते, ही साखळी त्यांनी मनात जोडली. माझ्या मते त्यांचे उपोषण हे त्यांच्या फावड्याचेच पुढचे टोक होते. केवळ घाट झाडून, वरून नाला कोठे येतो हे न पाहणाऱ्याचे कर्म चांगले खरे, पण अर्धे.

याच दृष्टीने आपल्या शहराकडे पाहिले तर खारूनच्या स्वच्छतेचे निम्मे काम नदीवर नसून बाजारात आहे, हे दिसते. चुनरी सुती असावी, वेष्टन कागदाचे असावे, पुडी पानात बांधता येते ती पानात बांधावी, हे दुकानदाराच्या हातात आहे. येथे लोभाची परीक्षा होते. चकचकीत वेष्टनाचा माल अधिक खपतो, हे व्यापारी जाणतो. चार पैशांचा तोटा सोसून तो साधा माल ठेवील, तर ते कर्म घाटावरच्या एका सकाळीपेक्षा कमी मोलाचे ठरणार नाही. आणि त्याचा फोटोही कोणी काढणार नाही, हा त्यातला आणखी एक लाभ.

फोटोचा उल्लेख आला तो सहज नव्हे. फलाशा आजकाल पैशाच्या रूपाने क्वचित येते. ती बहुधा छायाचित्राच्या रूपाने येते. एक तास टोपली उचलायची आणि दोन तास ती उचललेली दाखवायची, असा प्रकार पाहण्यात येतो. दंभासाठी केलेल्या यज्ञास आणि तपास गीतेने राजस म्हटले आहे, तेव्हा याचीही गणना कोठे करावी हे सांगणे नको. तरीही मी त्याची फार निंदा करणार नाही. राजस का होईना, टोपली उचलली गेली. तामसाने तीही उचलली नसती.

याहून गंभीर गोष्ट निराळी आहे. स्वयंसेवक वर्षातून चार दिवस घाणीत उतरतो आणि त्यास पुण्य म्हणतात. नगरपालिकेचा सफाई कामगार वर्षाचे सर्व दिवस उतरतो आणि त्यास केवळ नोकरी म्हणतात; पुष्कळदा त्याच्या जातीकडे बोट दाखवून यापेक्षाही वाईट काही म्हणतात. हा भेद कोणत्या शास्त्राने केला? स्वकर्माने ईश्वराची पूजा करणाऱ्यास सिद्धी मिळते असे सांगताना गीतेने त्या कर्मांतून झाडू वगळलेला नाही. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असलेल्या अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम करण्याची परवानगी मागितली आणि ती नाकारली गेली तेव्हा उपोषण केले. येरवड्यात गांधीजींनीही त्यांना पाठिंबा म्हणून अन्न सोडले. त्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर प्रवचने देत होते आणि साने गुरुजी ती उतरवून घेत होते. या दोन गोष्टी मी नेहमी एकत्र आठवतो. गाडगे महाराजांना लिहिता-वाचता येत नव्हते. ते गावात शिरत, आधी गाव झाडत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. पंढरीला यात्रेच्या वेळी त्यांचा खराटा चंद्रभागेच्या वाळवंटात चाले. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी त्यांनी देह ठेवला. घाटावर जाणाऱ्या तरुणांनी तेथील नित्याच्या कामगारांना वंदन करावे असे मी म्हणत नाही, त्याने ते संकोचतील. त्यांना नावाने हाक मारावी, काम कसे करायचे ते त्यांच्याकडून शिकावे, आणि आपल्यासाठी आणलेल्या हातमोज्यांचे जोड त्यांनाही द्यावेत.

शेवटी एक शंका राहते, आणि ती मला घाटावरच्या मुलांनीच विचारली. चिखलातून गणपतीचा हात निघतो, देवीचे मस्तक निघते. त्याचे काय करावे? पुन्हा पाण्यात सोडले तर केलेले व्यर्थ होते. कचऱ्याच्या गाडीत टाकले तर मन धजत नाही. अग्निपुराणात जीर्ण मूर्तींचा विधी आहे: लाकडाची असेल तर अग्नीत, पाषाणाची असेल तर पाण्यात, धातूची व रत्नाची असेल तर खोल जलात किंवा समुद्रात. प्रत्येक द्रव्य त्याच्या स्थानी परत जावे, असा त्यामागचा हेतू दिसतो. प्लास्टर या यादीत नाही, आणि पाणी हे त्याचे स्थान नाही हे नदीने दरवर्षी ते काठावर परत टाकून सांगितलेच आहे. शिवाय पार्थिव मूर्तीत आवाहन असते तसे विसर्जनही असते. विसर्जनानंतर देवता तेथे नसते, उरते ते द्रव्य. म्हणून मी मुलांना असे सांगितले: मूर्तीवरची वस्त्रे आणि दोऱ्या सोडवाव्यात, तांब्याभर पाणी घालून हात जोडावेत. शाडूची असेल तर घाटापासून दूर मातीत खड्डा करून तीत मिसळू द्यावी. प्लास्टरची असेल तर पायदळी येणार नाही अशा ठिकाणी निराळी ठेवून पालिकेच्या माणसांच्या हवाली करावी, आणि नव्या विसर्जनासाठी महादेवघाटाजवळ जे कुंड केलेले आहे त्याचाच उपयोग करण्यास लोकांना सांगावे. मुलांपैकी एकाने विचारले, की हे सांगितले तर लोक ऐकतील का. मी म्हटले, पहिल्या वर्षी थोडे ऐकतील.